सामानघर

नवीन ना? इथे सही करा.
पेन्सिलीनं नको. पेन्सिल आराखड्यांना ठेवा,
माझ्या वहीला शाई लागते.

मी एलेउतेरिओ. सामानघर माझ्याकडे एकोणीस वर्षं.
वाल्दिव्हियाच्या या वास्तुकला विभागात
प्राध्यापक बदलले, खुर्च्या बदलल्या,
छताची गळती तेवढी जुनी जागा धरून आहे,
खिडकीपासून तिसरं टेबल. तिथे कागद पसरू नका.

करवती दोन. थोरलीला आवाज आहे, धाकटीला दात.
लेझरचं यंत्र शुक्रवारपर्यंत लोकांनी धरून ठेवलंय,
रात्री अकरानंतर या. यंत्र मोकळं असतं
आणि दमलेला माणूस मोजून कापतो.

डिंक इथे वाळत नाही. जुलैत तर विचारूच नका.
बाकी गावांत पाऊस येतो-जातो,
आमच्याकडे तो भाडं न देता राहतो.
म्हणून मॉडेलं स्टोव्हमागच्या फळीवर, नावासकट.
नावाशिवाय ठेवलेलं यास्ना ओयार्सूनचं ग्रंथालय
कुणीतरी सरपण समजून आत सारलं.
दोन दिवस रडली.
तिसऱ्या दिवशी म्हणाली, नाहीतरी जिना चुकलाच होता.

या कपाटात लाकडं. रौली, कोइग्वे, मान्यिओ.
आधी हुंगा, नावं नंतर पाठ करा.
आलेर्से फक्त बघायला. ते झाड आता तोडत नाहीत,
हा तुकडा कुणाच्या तरी पडलेल्या छपराचा.
अंगठ्याच्या रुंदीत साठ वर्षं मोजली मी,
मग चष्म्यावर वाफ धरली.

पत्रकात छापलंय, स्टुडिओ चोवीस तास उघडा. खरं आहे.
पत्रकात छापलेलं नाही ते असं:
पहाटे चारला घरची आठवण आली
तर जिन्याच्या दुसऱ्या वळणावरच फोनला रेंज मिळते.
तिथे आधीच कुणी बसलेलं असेल
तर खोकून पुढे जा, चेहऱ्याकडे बघू नका.
प्लॉटरमागे घोंगडी आहे. तिची नोंद नाही.

तळघरात हादऱ्यांचं टेबल.
मॉडेल वर ठेवायचं, बटण दाबायचं,
आणि चार महिन्यांचं काम कुठून सुटतं ते बघायचं.
मुलं हसतात. पहिल्यांदा सगळेच हसतात.
साठ सालच्या त्या रविवारी माझी आई नऊ वर्षांची होती,
तिच्या हाताशी बटण नव्हतं.
पुढे कुठल्याही घरात, पाहुणी असली तरी,
ती दाराच्या चौकटीला लागून अंथरूण घालायची.
भूकंपाबद्दल बोलायची नाही. फक्त चौकट हातानं हलवून बघायची.

बेनिग्नो मान्सिया, चिलोए बेटावरचा.
विकतचं हलकं लाकूड परवडेना
म्हणून मासळीबाजारातल्या खोक्यांच्या फळ्या आणायचा.
धक्क्यावरचे समुद्रसिंह त्याला ओळखायचे म्हणे.
मॉडेलाला असा वास
की परीक्षकबाईंनी न बोलता खिडकी उघडली.
टेबलावर त्याचं घर सत्तर सेकंद टिकलं.
काचेसारखी देखणी घरं वीस-बावीसला झोपली होती,
हे आपलं उभं, एका कुशीवर कललेलं,
चुलता पिऊन आल्यावर उभा राहतो तसं.
गुण? मधलेच. सादरीकरण अस्वच्छ, असा शेरा.

जाताना त्यानं सगळं परत केलं. चिमटा, गुण्या, पोलादी पट्टी.
पट्टीचे पहिले सात सेंटिमीटर
कैक वर्षांच्या बोटांनी पुसून गेले होते,
ते त्यानं सुईनं पुन्हा कोरले,
मला न विचारता, कुठल्या रात्री कोण जाणे.
तिसरा सेंटिमीटर किंचित मोठा आहे.

नाही, ती नाही मिळणार.
ती मोजायला चालत नाही.
ही घ्या, नवी आहे, कडा धारदार आहे, बोट जपा.

सही झाली? शेजारी वेळ टाका.
आणि ओला कोट त्या खिळ्यावर. लाकडांपासून लांब.