मुतलक

फहाहीलच्या बाजारात, सोनाराच्या वर,
आमचं टायपिंगचं दुकान.
आज एका चिमुकल्या देशाच्या वकिलातीतून कारकून आला,
घामेजलेला, हातात नव्या राजदूताचं पत्र.
अरबीत करून हवं होतं, दुपारच्या नमाजाआधी.

एका विशेषणाशी अडले:
सही करण्याआधी ज्याला मागे वळून
कुणाला विचारावं लागत नाही, असा.
मुतलक.
टाइप केलं आणि हसू आलं.
आठवीचा इतिहास, दापोली,
वकील-इ-टिंबटिंब, रिकामी जागा भरा, गुण एक.
मी ‘मुलूख’ लिहून आले होते.

मालकाचंही नाव मुतलक.
म्हटलं, अर्थ काय रे बाबा तुझ्या नावाचा?
खजुराच्या बिया बशीत टाकत म्हणाला,
रात्री सांडणीचा पुढचा पाय दुमडून बांधतात.
सकाळी दोरी सोडली, की ती तालिक.
जाईल तिकडे चरेल.
सफीर काय, मी काय,
सगळे त्या दोरीतून निघालो.

तलाकसुद्धा?
तलाकसुद्धा. बाळंतपणाच्या कळांनाही तल्क म्हणतात,
म्हणाला, आणि बाईमाणसासमोर बोलून गेलो म्हणून
कान लाल करून बसला.

कळा मला ठाऊक आहेत.
तो दुसरा कागदही ठाऊक आहे, खेडच्या काझींच्या शिक्क्याचा.
त्यातलं शुद्धलेखन मी लाल पेनाने सुधारून ठेवलंय.

मुतलक कसले आमचे साहेब, कारकून म्हणाला,
पडदे बदलायचे तरी राजधानीला फोन लावतात.
तीन दिनार मोजले, पत्र फुंकर मारून वाळवलं, गेला.

मालकाच्या टेबलाच्या खालच्या खणात, कुलुपात,
माझा पासपोर्ट आहे.
ठेवायचा नसतो, हे त्याला माहीत, मलाही.
चार वर्षं मी मागितला नाही, त्याने दिला नाही,
दोघांचं बरं चाललंय.

सोडलेली सांडणी परत येते का रे?
पिल्लू असेल तर येते, म्हणाला,
अंधार पडायच्या आत.
पिल्लू कुठे आहे, ते त्याने विचारलं नाही.

मी हात पुढे केला.
तो किल्ली चाचपू लागला,
या खिशात, मग त्या खिशात,
मग पुन्हा या खिशात.