मोर्तब सुद

काळा घोड्याच्या दप्तरखान्यात सात वर्षं
मी अभयपत्रं वाचली. मोडीतली,
कसरीनं जाळी केलेली.
गाव सोडून परागंदा झालेल्या कुळांना सरकार लिहायचं:
परत या, जमीन कसा, कोणी उपसर्ग देणार नाही,
अभय असे.
बहुत काय लिहिणे.
खाली शिक्का. मोर्तब सुद.

प्रबंध चारशे बारा पानांचा.
वाचणारे तीन; त्यातल्या बहिःस्थ परीक्षकांनी
शेवटचं प्रकरण नुसतं चाळलं असावं,
त्यातली चूक मला अजून एकटीलाच ठाऊक आहे.

मग तासिका तत्त्वावर भायखळा, वसई, कल्याण.
मे महिन्यात इतिहास घडत नाही,
म्हणून मे महिन्यात पगार नाही.
मुलाखतीला गेलं की तुमचं काम मोलाचं आहे म्हणायचे
आणि माझ्यामागून आत येणाऱ्याला
पाळण्यातल्या नावानं हाक मारायचे.

परळच्या इस्पितळाला संमतिपत्रं लिहिणारं कोणी हवं होतं.
मी मुजुमदार सरांना फोन केला.
पलीकडे बराच वेळ पंख्याचा आवाज.
"म्हणजे फॉर्म भरायचे?"
"भरायचे नाहीत सर. लिहायचे."
"बरं," म्हणाले. त्या एका 'बरं'मध्ये
माझी सात वर्षं त्यांनी घडी घालून ठेवली.

गळ्यातल्या ओळखपत्रावर डॉ. आहे.
व्हरांड्यात माणसं फिल्म उजेडाकडे धरून पुढं येतात.
मी तसली डॉक्टर नाही, म्हणते.
मग कसली, असं कुणी विचारत नाही.
त्यांना घाई असते.

पहिल्या मसुद्यात मी 'जोखीम' लिहिलं.
ते बँकेतलं वाटलं. 'धोका' केलं,
तर जौनपूरच्या एका भावानं दचकून विचारलं,
धोका? कौन देगा?
तो शब्द मी आठ दिवस टेबलावर ठेवून बसले होते.
शेवटी लिहिलं: या औषधानं तुम्हाला त्रास होऊ शकतो.
कोणता, ते खाली लिहिलं आहे.

आणि मग यमुना पाष्टे. गुहागरकडच्या.
समोरच्या फुटपाथवर निळ्या प्लास्टिकखाली मुक्काम,
स्टोव्ह, दोन पातेली, फायलींची पिशवी उशाला.
मी वाचून दाखवत होते:
मी स्वेच्छेने सहभागी होत आहे.
बाई म्हणाल्या, थांब.
अंगठा माझा ना? मग ही स्वेच्छा कोण?

शेजारची नर्स हसली. मी हसले नाही.
तिथंच पेनानं खोडलं, वर लिहिलं:
मला कोणी भरीस घातलेलं नाही.
हां, म्हणाल्या. आता पुढं.
मी नाही म्हटलं तरी माझे चालू उपचार थांबणार नाहीत.
हे परत वाच.
वाचलं.
परत.

तिसऱ्यांदा वाचताना कळलं
की चारशे बारा पानांत मी हे एकदाही विचारलं नव्हतं:
कागद गावात पोचल्यावर तो वाचून कोणी दाखवला?
ऐकणाऱ्यानं किती वेळा म्हटलं, परत वाच?
कुळांची उत्तरं दप्तरात नसतात.
मी त्यांचं गप्प राहणं होकार म्हणून मोजलं होतं,
तक्ता क्रमांक नऊ.

यमुनाबाईंनी पदर सावरला.
"मग नको," म्हणाल्या.
आणि चहा प्यायला खाली गेल्या.
डॉक्टर भरुचांनी उसासा टाकला, पुढचं नाव पुकारलं.

माझं काम तिथं संपलं होतं.
तरी दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन मी त्यांचा चार्ट पाहिला.
दहा वाजून दहा मिनिटं, सलाईन, औषध दिलं,
नर्सची आखूड सही.
कालच्यासारखंच.

नकाराला अंगठा लागत नाही.
शाईचा पॅड तसाच उघडा राहिला होता, कडा वाळलेल्या.
मी झाकण लावलं.
कागदावर माझ्याच अक्षरातली ती खोडाखोड,
आणि खालची मोकळी चौकट.

फाइल करताना हात थोडा रेंगाळला.
बहुत काय लिहिणे.