प्रश्न सतरावा

कोह्तला-यार्वेच्या बसथांब्यामागे
आमची पांढरी व्हॅन उभी असते, मंगळवारी आणि शुक्रवारी,
चार ते सात.
आज उणे एकोणीस.
शाई गोठते, म्हणून मी पेन काखेत धरून बसलेली,
आणि झ्लाता आत येते, बूट न झटकताच.

वय? एकतीस.
राहता कुठे? लिहा, मावशीकडे.
मावशी जाऊन दोन वर्षं झाली,
फॉर्मात मात्र तिचं घर अजून गरम आहे.
गेल्या तीस दिवसांत दुसऱ्या कुणाची सुई वापरलीत?
नाही.
हे नाही इतक्या झटक्यात येतं
की माझं पेन काखेतच राहतं.

खिडकीतून राखेचा डोंगर दिसतो, जुन्या खाणीचा.
आत अजून धग आहे म्हणतात, माथ्यावर बर्फ टिकत नाही.
पायथ्याशी पत्र्याच्या गॅरेजांची रांग.
नववं रोदिओनचं.

"सुई नाही," ती म्हणते, "पण चमचा एकच असतो.
पाणी एकाच झाकणात.
आणि कापूस. तो तर टाकतच नाही आम्ही,
वाळवून ठेवतो, काहीच मिळत नाही त्या दिवसासाठी.
असलं काही विचारता का तुम्ही?"

विचारतो. प्रश्न नऊ ते बारा.
मी खुणा करत जाते.
शीर सापडते?
ती पहिल्यांदा हसते.
"हिवाळ्यात? उधारी थकवलेल्या गिऱ्हाईकासारखी दडून बसते.
चार दारं ठोठवावी लागतात."
बाही वर सरकवते. चारही दारं दिसतात.

नवी सुई जवळ का ठेवत नाही?
"पोलीस पिशवी उलटी करतात, विचारतात कुणासाठी.
जुनी काय, गॅरेजात असतेच."

मग सतरावा.
तुम्हाला टोचतं कोण?
ती हातमोज्याचा सुटलेला धागा ओढत राहते.
"तोच. मला जमत नाही, मी बघूसुद्धा शकत नाही.
आधी तो घेतो. नाही घेतलं तर हात थरथरतात त्याचे,
माझी शीर चुकेल.
माझ्यासाठीच घेतो तो आधी."

माझा बाप त्याच खाणीतला.
त्याचं जेवण उरकलं की आई
त्याच ताटलीत स्वतःला वाढून घ्यायची,
त्याचाच काटा, त्याच रश्श्याचा ओघळ.
एक भांडं कमी पडतं घासायला, म्हणायची.
आम्ही कुणी कधी
त्याला उष्टं म्हटलं नाही.

फॉर्मात चारच चौकटी:
स्वतः, मित्र, जोडीदार, इतर.
मी जोडीदार वर खूण करते.
टाल्लिनमधलं यंत्र त्याचा एक आकडा करेल,
आणि त्या आकड्यात रोदिओन
तिच्या दंडाला पट्टा बांधताना
फुंकर घालतो की नाही, हे येणार नाही.
घालतो. मी न विचारताच सांगितलं तिनं.

बोटातून थेंब काढते. पंधरा मिनिटं.
ती तीन चमचे साखर घालून चहा घेते,
भिंतीवरच्या कॅलेंडरातलं मांजर बघते.
पहिली रेघ येते. ती येणारच असते.
मग बऱ्याच वेळानं, तिच्या शेजारी, काहीतरी.

"फिकट आहे," ती म्हणते. "म्हणजे थोडंच ना?"
फिकट असली तरी रेघच, झ्लाता.
गोळ्या आहेत. बारा आठवडे. बहुतेकांचं जातं.
पुन्हा होऊ शकतं, हेही सांगते,
आणि सांगताना माझाच आवाज फॉर्मसारखा वाटतो.

कुणाकडून, हे ती विचारत नाही.
सुयांच्या खोक्यात हात घालते.
"हिरव्या माझ्या. त्याला निळ्या द्या.
चमचे दोन.
आणि ते, स्वतःच्या हातानं कसं,
ते शिकवता का कुणी?"

शुक्रवारी, मी म्हणते. सिस्टर इंगा असते.
ती माझं पेन मागते, तळहातावर वार लिहायला.
घासते, पुन्हा घासते. शाई उतरत नाही.
मग कोटाची दोन बटणं सोडून
पेन काखेत धरते,
आणि दार अर्धं उघडं ठेवून
तशीच थांबते.