शांतता राखा

तिकीट एकच फाडलं;
मांडीएवढ्या माणसाला मोफत.

आत वीरगळ, नाणी, कुणाची तरी गंजलेली तलवार.
श्रीनिधीने काहीच पाहिलं नाही,
माझ्या मंगळसूत्राचा मणी चघळत राहिली.
'शांतता राखा' या पाटीखाली आलो
आणि तिने भोकाड पसरलं.

दूध झालेलं. लंगोट कोरडा. पोट मऊ.
उशिरा ध्यानात आलं:
साखर पेठेत आमच्या खोलीखाली चार यंत्रमाग,
जन्मल्यापासून ती त्या खडखडाटातच झोपते,
वीज गेली की दचकून उठते.

पहारेकरी आला. नरसय्या, खिशावर पितळी बिल्ला.
वाटलं, आता बाहेर काढणार.
त्याने दोरी ओलांडली,
'हात लावू नये' ही पाटी उलटी ठेवली
आणि जुन्या हातमागावर बसला.

खट्. खटक्. खट्. खटक्.
धोटा रिकामाच, इकडून तिकडे.

"बापाचा असाच होता," तो म्हणाला,
"भंगारात गेला."

तिची मूठ सुटली.
लाळेने भिजलेला मणी
माझ्या गळ्याला गार लागला.

"थांबू का?"
मी मान हलवली. नको.

दाराशी शाळेची रांग,
तोंडावर बोट ठेवून
कधीची उभी.