दाताआधीचं हाड

जेल रोडला, घड्याळजीच्या डोक्यावर माझं दुकान.
छत्तीस वर्षं मी मेणात मोजतोय
इंदूरकरांच्या तोंडातल्या रिकाम्या जागा.

मार्चात मृणाल मतकर आल्या, संग्रहालयाच्या.
काका, एक जबडा करून हवाय.
वरचा की खालचा?
खालचा. लांबी सव्वातीन फूट.
पेशंट कुठाय?
वारलाय, म्हणाल्या. सात कोटी वर्षं झाली.
ॲडव्हान्स मात्र रोख दिला.

चित्रं टेबलावर पसरली. मला आधी हसूच आलं:
पुढे दातच नाहीत. अगदी माझंच तोंड.
टोकाला एक निराळंच हाड,
घोड्याच्या नालेसारखं, बिनदाताचं, वर चोच चढलेली.
या अख्ख्या खानदानाची ही खूण, त्या म्हणाल्या.
शिंगं असोत, पाठीवर उभे पत्रे असोत,
शेपटीला गदा की डोक्याला टेंगूळ,
कुत्र्याएवढा असो की ट्रकएवढा,
खालचा ओठ बाजूला करा, हे हाड असणारच.
इंग्रजी नाव जिभेवर बसेना.
मी वहीत लिहिलं: दाताआधीचं हाड.

मग कमर. ती त्यांनी माझ्या बिलबुकावरच काढली.
एक हाड, इतरांचं पुढे जाणारं,
यांचं मागे वळलेलं, पक्ष्यासारखं.
म्हणून नाव पडलं: पक्ष्याच्या कमरेचे.
आणि पक्षी? यांच्यातूनच निघाले?
छे. ते त्या दुसऱ्या घरातून,
सरड्याच्या कमरेवाल्यांच्या.

मला खातेगावचे मामा आठवले.
चालणं, खोकणं, हुबेहूब आजोबा.
आणि होते दत्तक.

हाड मागे का वळलं?
पोटाला जागा व्हावी म्हणून.
पाला पचायचा तर आतडं लांब लागतं.
असं काहींचं मत आहे, हेही त्या म्हणाल्या.
शास्त्रातली माणसं दाराला कडी घालत नाहीत.

एप्रिलभर दात.
पहिल्या पिढ्यांचे साधे, पानासारखे, कडेला कातरलेले.
एका बुटक्याला तर सुळे!
पालेखाऊला सुळे कशाला?
मृणालताईंनी खांदे उडवले.
पानाचा पाटा-वरवंटा व्हायला
तेरा कोटी वर्षं लागली.
आमच्या पेशंटला एका बाजूला चाळीस उभ्या ओळी,
ओळीत एकाखाली एक दात,
वरचा झिजला की खालचा सरकतो,
रॉकेलच्या रांगेसारखा.
रईस पॉलिश करता करता म्हणाला,
उस्ताद, सबके ऐसे होते तो अपन भूखे मरते.

सांगाडा कुठला हो? धारकडचा? मांडूच्या खालचा?
त्या जरा थांबल्या.
आपल्याकडचा नाही, काका.
नर्मदेकाठी लांब मानेवाल्यांची अंडी आहेत,
मांस खाणाऱ्यांची हाडं आहेत.
यांचं, खात्रीनं सांगावं असं, काही नाही.
जबलपूरला चिलखताचे तुकडे निघाले होते कधीकाळी,
ते पुढे दुसऱ्यांच्या नावावर गेले.

मग इथे ठेवायचा कशाला?

जागा रिकामी आहे म्हणून.

यावर मी काही बोललो नाही.
माझं पोट याच वाक्यावर चालतं.

काल बसवला. मागून खिळे, पुढे चोच.
काचेवरचे बोटांचे ठसे रईसने बनियनला पुसले.
एका शाळकरी पोराने विचारलं, हा चावतो?
म्हटलं, फक्त पाला.
त्याचा रस संपला.

एक दात जादा झाला होता, खिशातच राहिला.
सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना सुट्टे काढले
तर तोच हाताला आला.
दुकानदार म्हणाला, ये नहीं चलेगा, काका.

रात्री कवळी काढून पेल्यात ठेवली,
शेजारी तो दात.
दिवा मालवला.
हिरडीच्या अगदी पुढच्या टोकाला
माझ्याकडे ते हाड नाही, कधी नव्हतंच.
जीभ तरी जातेय तिथे, चाचपतेय.