पट्ट्याला एक पीळ

फळ्या दोन, चाकं तीन.
हिशेब खानापुरातच चुकला.
मागच्या दोघांना आपापली फळी मिळाली असती,
पण चढायचं आधी पुढच्याला,
आणि त्याच्याखाली नुसती हवा.
दस्तगीर मुल्लानं गॅरेजचं दार बिजागरीतून उचललं,
मधे टेकवलं, वर नाचून बघितलं.
"साकु. चढव."

अंतू घाडी कुबडी काखेत धरून लांब उभा.
पूर्वी लाइनमन होता. गुंजीच्या पुढं एका खांबावर
आपला डावा पाय राहिला असं सांगतो,
बसमध्ये छत्री राहिल्यासारखं.
त्यानंतर एकवीस वर्षं ही गाडी:
येझदीचं इंजिन,
उद्यमबागेत ओढून घेतलेला मागचा दांडा,
कुठल्याशा रिक्षाची चाकं.
क्लच हातानं, गियर हातानं, ब्रेक हातानं.
शिव्या तेवढ्या तोंडानं.
आता त्याच हातांना कंप आहे.
गाडी निपाणीला विकली.

"हँडलला बांधू नको, बे. हँडल वळतं.
वळणाऱ्याला कोण बांधतं?
खालच्या चिमट्याला घाल. मागं दांड्याला, दोन्हीकडनं.
शॉक निम्मा दाब. पुरता दाबलास तर
खड्ड्यात तिनं श्वास कुठनं घ्यायचा?"

वजन ट्रेलरच्या चाकांच्या थोडं पुढं पाहिजे, दस्तगीर म्हणाला,
मागं गेलं की ट्रेलर शेपटीगत हलतो
आणि जीपला वाटतं आपण कुत्रं.
मग चार बोटं पुढं ढकलली. मग दोन मागं.
चाकांना विटा लावल्या, विटांना खिळे मारून पट्टी.
पट्टा रंगाला घासेल तिथं अंतूनं
स्वतःचं जुनं बनियन फाडून गुंडाळलं,
आणि ताणण्याआधी प्रत्येक पट्ट्याला एक पीळ दिला.
"सरळ पट्टा वाऱ्यात गातो.
पीळ दिला की गप बसतो."

टाकीवर डाव्या अंगाला मराठीत सावकाश,
उजव्या अंगाला कन्नडात निधान.
गणेबैलला एक उसाचा ट्रक
निधान वाचत वाचत
भन्नाट पुढं गेला.

दहा किलोमीटरवर थांबायचं, हा नियम.
थांबलो. पुढचा उजवा रॅचेट दोन दात ढिला.
"ती बसली आता," अंतू म्हणाला. "आधी नुसती उभी होती."
दोन दात आवळले.

काकतीच्या पुढं तो बोलायचा थांबला.
वंटमुरीच्या चढाला जीप तिसऱ्यावर आणली
तर हा आरशात बघतोय.
आरसा त्यानं स्वतःकडं वळवून घेतला होता,
मला मागचं काहीच दिसत नव्हतं.
"ही समोरनं अशी दिसत्या व्हय,"
तो म्हणाला.
एकवीस वर्षं वर बसून,
येताना कधी बघितलीच नव्हती.
मी आरसा परत मागितला नाही.
घाटभर अंदाजानं चालवली.

निपाणीत शेवंता पाखरे वखारीच्या पायरीवर वाट बघत होती,
पोलिओचा बूट, हाताला तंबाखूचा पिवळा.
पैसे मोजून दिले, पावती मागितली,
चढून बसली आणि पहिल्यांदा हॉर्न वाजवला.
तो वाजत नाही हे सांगायचं राहिलं होतं.
"करून घेईन," ती म्हणाली.
बनियनच्या चिंध्या सोडवून तिनं अंतूच्या हातात दिल्या.
त्यानं त्या खिशात घातल्या.

रिकामा ट्रेलर भरलेल्यापेक्षा जास्त उड्या मारतो.
जेवढं कमी तेवढा खडखडाट.
तवंदीचा घाट चढून आलो
तसा अंतू म्हणाला, थांब बे, दहा झाले.

थांबलो.
तो कुबडी टेकत मागं गेला.
गुंडाळून ठेवलेले चार पट्टे
एकेक करून दाबून बघितले,
आणि येऊन बसला.
"चल. ठीक हायत."