तिसरी पट्टी

वेंगुर्ला बंदराच्या रस्त्याला, बर्फाच्या कारखान्यावर
मच्छीमार सोसायटीची खोली. तिथे सर्व्हर.
बारा खणांपैकी आठांत हिरवे दिवे लुकलुकताहेत.
चार नवे एसएसडी काल बसवले,
ते दिसत नाहीत.

दिसत नाहीत म्हणजे आत आहेत, हाताला लागतात,
पावती आहे, वॉरंटी आहे,
पण यादीत आठच नावं.
कंट्रोलरला विचारलं. म्हणतो, खण रिकामे.

पूर्वीच्या डिस्कला कान लावता यायचा.
घरघर, टकटक, शेवटचा तो कोरडा खोकला.
यांच्यात फिरणारं काहीच नाही.
जिवंत असला तरी गप्प, मेला तरी गप्प.

"खारो वारो, दुसरां काय!"
न्हानू गिरप दारातूनच निकाल देतात.
या किनाऱ्यावर फ्रीज बिघडो, गाडी बिघडो की सोयरीक,
पहिला संशय वाऱ्यावर.
मीही तेच धरून चाललो. घाटावरचा माणूस,
तीन वर्षं झाली, वारा अजून अंगवळणी नाही.

खोडरबराने सोनेरी पट्ट्या घासल्या.
खणांची अदलाबदल केली:
जुना नव्याच्या जागी दिसला, नवा जुन्याच्या जागी नाही.
केबल बदलली. फर्मवेअर चढवलं.
दुपारी सगळं बंद करून पुन्हा चालू केलं,
जे सगळ्यात आधी करायचं असतं
आणि सगळ्यात आधी केलंही होतं.

खाली लिलाव चाललाय, सुरमईचा भाव चढतोय.
ती वजनं संध्याकाळी वर याच पेटीत येणार,
कुणाच्या होडीचं किती, कुणाचं डिझेल किती बाकी.
पेटीत जागा उरलीय दोन दिवसांची.
तेरेझा आल्मेडा दर तासाला विचारते, "दिसतत?"
मी मान हलवतो.
तिने वही काढलीय, पेन्सिलीला टोकही केलंय.

शेवटी कंटाळून एक नवा लॅपटॉपला लावला,
साध्या यूएसबीच्या शेपटीने.
लगेच उठला. नाव सांगितलं, क्रमांक सांगितला,
तब्येत शंभर टक्के.

मग कळलं. म्हणजे आठवलं.
विजेच्या पंधरा पट्ट्यांतली तिसरी.
जुन्या रीतीत तिथे येणारी वीज म्हणजे: घे.
नव्या रीतीत तीच वीज म्हणजे: झोप.
जुना बॅकप्लेन सवयीने देत राहिला
आणि हे आज्ञाधारक, रात्रभर झोपून.

इथली माझी पहिली खानावळ, गुरुवार.
म्हणालो, आज नुसतं वरण-भात.
ताटात बांगडा आला.
मालकीण शपथ घालून सांगत होती, नुस्तां तुमीच मागलात.
खोटं कुणीच बोलत नव्हतं.

तिसरी पट्टी झाकायची. तांदळाच्या कणीएवढी जागा.
पिवळी टेप कुडाळला राहिलेली.
तेरेझाने पर्स उघडली:
लाल नेलपॉलिश, पुतणीच्या लग्नातलं, तळाशी उरलेलं. "चालात?"
माझा हात कापत होता, तर चष्मा कपाळावर ढकलून
तिनेच लावलं. चारही.
मग फुंकर घातली, बोटांवर घालतात तशी.
खोलीभर पॉलिशचा वास, खालून सुकटीचा.

नववा दिसला. दहावा.
अकराव्याने जरा वेळ घेतला.
न्हानू गिरप म्हणाले, "बघ, वारो पडलो."
मी वाद घातला नाही.

बारावा नाही दिसला.
पुन्हा रंग दिला, लॅपटॉपला लावला,
मग नुसताच हातात धरून बसलो थोडा वेळ.
त्याला कुणी झोप म्हटलेलं नव्हतं.

खोक्यात घातला, वर कंपनीचा पत्ता लिहिला.
रात्री घाटीकडे जाणाऱ्या गाडीत खोकं चढवल्यावर लक्षात आलं,
लाल ठिपका खरवडायचा राहिला.
तिकडे कुणीतरी भिंगाखाली धरेल,
नखाने टोकरेल,
आणि रकान्यात काय लिहायचं ते त्याला सुचणार नाही.